दहा हंडे पाणी

कॅरॅव्हॅन दारात येऊन उभी राहिली तेव्हा शेजारणींनी आत डोकावून पलंग बघितला, गॅसची शेगडी बघितली, फडताळाएवढं बाथरूम बघून हसल्या. अण्णांनी यातलं काहीच बघितलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, चाकांच्या मधे लटकलेल्या टाक्यांवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि मला विचारलं, "पाणी किती मावतंय?"

दोन टाक्या, ८०-८० लिटरच्या.

"म्हणजे दहा हंडे," अण्णा म्हणाले. "तीन माणसं. जपून वापरलं तर चार दिवस."

अण्णा म्हणजे माझे वडील. मेलबर्नला ते आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. वय ७६. माण तालुक्यातलं गाव, सातारा जिल्ह्याच्या नकाशात उजव्या हाताला पडलेला तो कायमचा कोरडा तुकडा. १९७२च्या दुष्काळात नालाबांधाच्या कामावर ते हजेरी घ्यायचे. खडी फोडणाऱ्या बायकांची, त्यात त्यांची स्वतःची आईही होती. मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या तांबड्या भाकरीची चव ते अजून सांगतात, तीही न विचारता. अशा माणसाला घेऊन आम्ही जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या वाळवंटात निघालो होतो. नवऱ्याचं म्हणणं, अण्णांना समुद्र दाखवू, ते ग्रेट ओशन रोड वगैरे. अण्णांना समुद्राचं काडीचं कौतुक नाही. "एवढं पाणी, आन पिता येत न्हाई," एवढ्या एका वाक्यात त्यांनी तो निकालात काढला होता. आउटबॅक म्हणजे काय ते मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पाऊस किती? वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर, तोही येईल तेव्हा. "चला," अण्णा म्हणाले.

मिल्डुराच्या पुढे व्हिक्टोरिया राज्य संपतं आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया सुरू होतं. तिथे फळमाशीचा तपासनाका आहे. फळं, टोमॅटो, मिरच्या, काहीही पलीकडे न्यायचं नाही. हे मला माहीत होतं. अण्णांच्या पिशवीत सहा लिंबं आणि पावशेर मिरच्या आहेत हे माहीत नव्हतं. तपासणाऱ्या बाईंनी हसत पिवळा डबा पुढे केला. अण्णांनी एकेक लिंबू त्यात असं ठेवलं जसं कुणी दक्षिणा ठेवावी. पुढचे पाच मैल ते गप्प होते. मग म्हणाले, "शिस्त हाय. आपल्याकडं असती तर डाळिंबं वाचली असती."

त्या रस्त्याचं नाव स्टर्ट हायवे. कॅप्टन चार्ल्स स्टर्ट हा गृहस्थ १८४४ साली ॲडलेडहून उत्तरेकडे निघाला, कारण त्याची पक्की खात्री होती की या खंडाच्या पोटात समुद्र असणार. बैल, घोडे, दोनशे मेंढ्या आणि समुद्रात घालायला एक होडी असा लवाजमा. होडी बैलगाडीवर चढवून माणसं वाळवंट तुडवत निघाली. पुढे एका डबक्याकाठी उन्हाळा त्यांना असा गाठून बसला की सहा महिने मागेही जाता येईना आणि पुढेही. समुद्र मिळाला नाही. होडी तिथेच टाकून यावी लागली.

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "वाटलं असंल त्याला. आमच्याकडं पाणाड्या न्हाई का येत, तळहातावर नारळ धरून? नारळ उभा ऱ्हायला की तिथं बोअर. आठशे फूट जातंय, धूळ निघती. पण त्या वक्ताला त्याला खरंच दिसत असतंय पाणी."

बरा नावाच्या गावाच्या पुढे गव्हाची शेतं हळूहळू विरळ होत जातात आणि मग रस्त्याच्या कडेला दगडी घरं दिसू लागतात. छपरं गेलेली, चुलीचं धुराडं तेवढं उभं. १८६५ साली जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्व्हेअरने घोड्यावरून फिरून, झाडोरा बघून नकाशावर एक रेघ मारली होती. रेघेच्या खाली पेरा, वर पेरू नका, तिथे फक्त मेंढ्या. मग काही वर्षं पाऊस चांगला झाला, लोकांना वाटलं रेघ चुकली. नांगर गेला की पाठोपाठ पाऊस येतो असंही तेव्हा बोललं जाई. लोक वर सरकले, घरं बांधली, पेरलं. मग दुष्काळ आला. रेघेच्या बऱ्याच वर फरीना नावाचं गाव आहे. लॅटिनमध्ये फरीना म्हणजे पीठ; गव्हाचं कोठार होणार म्हणून हौसेने ठेवलेलं नाव. आता गावाच्या भिंती तेवढ्या आहेत.

गॉयडरची रेघ साधारण तीनशे मिलिमीटर पावसाची. हे ऐकल्यावर अण्णांनी गाडी थांबवायला लावली. एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर ते जरा वेळ बसले. "आमच्याकडं साडेचारशे-पाचशे पडतोय," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही रेघंच्या आत." हे त्यांनी अभिमानाने म्हटलं की कशाने, मला सांगता येणार नाही.

मारी नावाच्या गावाला पोचलं की डांबराची आठवण उरत नाही आणि उडनडट्टा ट्रॅक सुरू होतो. मातीचा रस्ता, सहाशेवर किलोमीटर. टायरमधली हवा उतरवायची, वेग सत्तरच्या आत ठेवायचा, आणि पाऊस पडला तर आहे तिथेच थांबायचं. बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड आहे. रस्ता वरून सपाट दिसतो पण त्याला पत्र्याच्या छपरासारख्या वळ्या पडलेल्या असतात. त्यावरून कॅरॅव्हॅन ओढणं म्हणजे घर धरून सतत हलवत राहणं. पहिल्याच संध्याकाळी दार उघडलं तर मिसळणाच्या डब्याचं झाकण निघालेलं. हळद, तिखट, मोहरी, सगळं गादीवर, आणि त्यावर फटींतून आत आलेली तांबडी धूळ. कुठे तिखट संपतं आणि कुठे ऑस्ट्रेलिया सुरू होतो ते कळेना. ती गादी मी आजही झटकते तेव्हा पिवळं काहीतरी उडतं.

या वाटेवर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. बहुतेक सगळे साठी-सत्तरीतले. घर विकून किंवा भाड्याने देऊन वर्षवर्ष कॅरॅव्हॅनमध्ये फिरणारी ही म्हातारी जोडपी, इथे त्यांना ग्रे नोमॅड म्हणतात. संध्याकाळी चार-साडेचारला खुर्च्या बाहेर मांडून ओळखपाळख नसताना गप्पा मारतात, टायर, डिझेल आणि गुडघे या तीन विषयांवर. अण्णांनी त्यांचं नाव एका दिवसात ठेवलं: वानप्रस्थी. फक्त यांच्या वानप्रस्थात बिअर आहे, एवढाच फरक.

मारीपासून नव्वदेक किलोमीटरवर काटी थांडा, म्हणजे लेक एअरचा दक्षिण भाग रस्त्यावरून दिसतो. समुद्रसपाटीच्याही खाली असलेलं खाऱ्या मातीचं पांढरं मैदान. काही वर्षांनी कधीतरी दूर क्वीन्सलँडमध्ये मुसळधार पडतं, ते पाणी नद्यांतून महिनोन् महिने चालत इथवर येतं आणि मग इथे खरोखरच समुद्र होतो, पेलिकन येतात. आम्ही गेलो तेव्हा नुसतं मीठ होतं. अण्णांनी खाली उतरून बोटावर घेतलं, चाखलं, थुंकले.

आणि त्याच दुपारी माझ्याकडून ते झालं.

जुन्या घान रेल्वेच्या एका ओसाड स्टेशनाजवळ मुक्काम ठरला होता. रुळ उखडलेले, पाण्याची उंच लोखंडी टाकी गंजून तशीच उभी. चहासाठी मी नळ वर केला, तर तो आधीच वर होता. पाणी नाही. पंपाचं बटण सकाळी मी बंदच केलं नव्हतं. रस्त्याच्या हादऱ्यांनी नळाची दांडी वर उचलली गेली, पंप आपला इमानेइतबारे चालू, आणि सिंकमधून खालच्या पाइपने दहाच्या दहा हंडे रस्त्यावर. आम्ही अख्खी दुपार वाळवंटाला पाणी पाजत आलो होतो. मी मागे वळून पाहिलं. ओलीचा माग सोडाच, धूळसुद्धा पुन्हा जशीच्या तशी बसली होती.

नवरा चिडला. बरोबरच होतं. मी अण्णांकडे बघेना. लहानपणी गावी एकदा माझ्या हातून उंबऱ्यावर कळशी लवंडली होती, तेव्हा आजीने मारलं नव्हतं. ती फक्त त्या ओल्या जमिनीकडे बघत राहिली होती. ते बघणं मला मारापेक्षा जास्त लागलेलं आहे. अण्णा काही न बोलता कॅरॅव्हॅनच्या मागे गेले आणि वीस लिटरचा एक कॅन घेऊन आले. मेलबर्नहून निघताना त्यांनी हट्टाने दोन भरून घेतले होते, टाकीत पाणी असताना कशाला म्हणून मी वाद घातला होता. "प्यायचं पाणी कवा बी येगळं ठेवावं," एवढंच म्हणाले. त्या रात्री भांडी वाळूने घासली. मला जमेना, अण्णांनी घासली.

रात्र कडाक्याची. वर मात्र असं आकाश की बोलायची सोय नाही. दक्षिणेला त्रिशंकू, आणि त्याच्या पोटाशी एक काळा डाग. इथल्या आदिवासींना त्या डागापासून आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यात लांबच लांब एमू पक्षी दिसतो. आपण ताऱ्यांच्या आकृत्या करतो, ते अंधाराची करतात. एकदा एमू दिसला की मग काही केल्या जात नाही. पहाटे साडेपाचला अण्णांनी दारावर थाप मारून आम्हाला उठवलं. पूर्वेला मृग उगवलेला, पण उलटा, पाय वर करून. आणि आग्नेयेला हातभर वर, लखलखीत, अगस्ती. आमच्या गावाहून तो दक्षिणेच्या डोंगरापाशी जेमतेम वर येतो. अगस्ती उगवला की पाऊस ओसरला असं आजी म्हणायची.

"समुद्र पिला त्यानं," अण्णा कानटोपी सारखी करत म्हणाले. "तुझ्या त्या होडीवाल्याला सांगायला पायजे होतं कुणीतरी. तू हुडकतोयस तो समुद्र ह्यानं कवाच पिऊन टाकलाय."

खरं तर समुद्र होता. स्टर्ट फक्त दहा-अकरा कोटी वर्षं उशिरा पोचला. डायनोसॉरांच्या काळात या भागात उथळ समुद्र होता, त्याच्याच गाळात पुढे कूबर पीडीचे ओपल तयार झाले. आणि त्या गाळाच्याही खाली, वाळूच्या खडकात, आजही पाणी आहे: ग्रेट आर्टेशियन बेसिन. १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र. पूर्वेच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकात मुरतो आणि वर्षाला काही हात अशा चालीने पश्चिमेकडे सरकतो. इकडच्या कडेला येईस्तोवर त्याला दहा-वीस लाख वर्षं झालेली असतात. जिथे वरचा थर फाटलेला आहे तिथे ते दाबाने आपोआप वर येतं. त्या वाळवंटात अशा झऱ्यांची माळ आहे. या माळेवरूनच अरबाना नावाच्या जमातीचे आणि इतर आदिवासी हजारो वर्षं चालत आले. त्यांच्या वाटेने जॉन मॅकडूअल स्टुअर्ट गेला, जो तरुणपणी स्टर्टच्या त्या होडीच्या मोहिमेत नकाशे काढायला होता, आणि चौथ्या नव्हे पाचव्या नव्हे, सहाव्या मोहिमेत १८६२च्या जुलैत उत्तरेच्या समुद्राला टेकला. त्याच्या वाटेने १८७२ साली तारायंत्राची लाइन गेली, ३६ हजार खांबांची. तिच्या कडेने रेल्वे. आणि रेल्वेच्या कडेने आमची कॅरॅव्हॅन, रिकामी टाकी घेऊन.

खांब, पीठ, चहा, रूळ हे सगळं वाहिलं उंटांनी. १८६६च्या सुमारास शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरले. कोण बलुची, कोण पठाण, कोण पंजाबी, सिंधी. इथल्या गोऱ्यांनी सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हटलं, आणि त्यावरून रेल्वे झाली 'घान'. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे कागदोपत्री अण्णांचे आजोबा-पणजोबा आणि हे उंटवाले एकाच सरकारची रयत. मारीत त्यांची मातीची मशीद होती, तिची प्रतिकृती आहे. त्यांनी खाल्लेल्या खजुराच्या बिया उगवल्या की मुद्दाम लावल्या कोण जाणे, पण या वाटेवर खजुराची झाडं भेटत राहतात.

बब्लर नावाच्या झऱ्यापाशी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मैलोन् मैल गवताची काडी नाही, आणि मधेच एक गोल हिरवं काठ असलेलं तळं, विहिरीएवढं. मधोमध खालून वाळूचा एक राखाडी गोळा फुगत वर येतो, फुटतो, बसतो. पुन्हा फुगतो. कढईत पिठलं शिजताना येतात तसे बुडबुडे, फक्त आवाज नाही. मारला गेलेला एक मोठा साप तिथे अजून तडफडतोय अशी इथल्या लोकांची कथा आहे, आणि ते बघितल्यावर दुसरं काही सुचतही नाही. लाकडी कठड्याला धरून अण्णा पाऊण तास उभे होते. कुणी मोटार लावली नाही, कुणी नारळ फिरवला नाही, आणि पाणी आपलं आपण येत होतं. मी खुर्ची आणून दिली तर बसले नाहीत.

पुढे कावर्ड स्प्रिंग्जला मुक्काम. १८८६ साली रेल्वेसाठी तिथे पाणी काढलं, पुढे वरचं लोखंड सडलं, पाणी मोकाट सुटलं, त्याचं तळं आणि लव्हाळ्यांचं रान झालं. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची एक लाकडी टाकी बांधून त्यात ते कोमट पाणी सोडलंय. कठड्यावर बसून अण्णांनी त्यात पाय सोडले. शेजारी एक वानप्रस्थी आजोबा होते, मेंढ्या पाळून निवृत्त झालेले. अण्णांना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. मी टॉवेल घेऊन गेले तर दोघं रंगात आलेले. इथेही जमिनीत भोक पाडून काढलेल्या पाण्याला 'बोअर'च म्हणतात. "बोअर?" "येस, बोअर." "हाऊ मेनी फीट?" त्यावर आजोबांनी काहीतरी आकडा सांगितला, अण्णांनी कपाळाला हात लावला, मग आपला आकडा सांगितला, मग आजोबांनी. वाहते बोअर शंभर वर्षं उघडे सोडले म्हणून दाब कसा उतरला, झरे कसे आटले आणि आता सरकार बोअरना झाकणं कशी बसवतंय हे त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि ते अण्णांना माझ्याआधी कळलं. निघताना आजोबांनी त्यांच्या टाकीतून आमच्या टाकीत नळी लावली. मी नको नको म्हणत होते. "घे गं," अण्णा मराठीत म्हणाले, "पाण्याला न्हाई म्हनू न्हाई."

कूबर पीडीला पोचलो तो आषाढीचा दिवस. गाव अर्धंअधिक जमिनीखाली, कारण उन्हाळ्यात वर पंचेचाळीस अंश आणि खाली खोदलेल्या घरात बारा महिने तेवीस-चोवीस. सर्बियन लोकांचं एक चर्चही असंच खडकात कोरलेलं आहे. अण्णा आत जाऊन चपला काढायला लागले, मग लोक बूट घालून फिरताहेत बघून ओशाळले, तरी काढल्याच. गावाच्या टोकाला पाण्याचं यंत्र: नाणं टाकायचं, नळी टाकीत सोडायची. दूरच्या बोअरचं पाणी गोड करून आणतात. आम्ही दहाच्या दहा हंडे भरले, मी पंपाचं बटण तीनदा बघितलं, आणि अण्णांना साबुदाण्याची खिचडी केली. मिरच्या नाक्यावर गेलेल्या, म्हणून लाल तिखटाची. त्यात थोडी धूळ असणारच. ओपलच्या दुकानात बाईंनी सांगितलं की त्या दगडात शेकडा पाच-सात भाग पाणी असतं. अण्णांनी खडा दिव्यापुढे धरला, किंमत विचारली, आणि अलगद परत ठेवला.

उलुरू या प्रचंड तांबड्या खडकाबद्दल इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी हात आवरते. फक्त एवढंच: २०१९पासून त्यावर चढायला बंदी आहे, तिथल्या अनंगू लोकांच्या म्हणण्यावरून. आमच्या गटातला एक जण त्यावर कुरकुरत होता. अण्णांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "देवळात गेल्यावर कळसावर चढतो का हा?"

शेवटचा मुक्काम ॲलिस स्प्रिंग्ज. गावातून टॉड नदी वाहते, म्हणजे वाहत नाही. नुसतं वाळूचं पात्र आणि त्यात उभे पांढऱ्या खोडाचे गमवृक्ष. या कोरड्या पात्रात दर वर्षी होड्यांची शर्यत होते. बुडाशी भोक पाडलेल्या होड्या, त्यांत उभं राहून माणसं पळतात. १९९३ साली ती शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं. अण्णा इतके हसले की ठसका लागला. "आमच्या माणगंगेत करू या," म्हणाले. "बारा महिने करता येईल."

तारायंत्राच्या जुन्या कचेरीजवळ ते पाणी आहे ज्यावरून गावाला नाव पडलं. १८७१ साली सर्व्हेवाल्यांना खडकाच्या कुशीत पाणी दिसलं, त्यांना वाटलं झरा, म्हणून तारायंत्राच्या लाइनीचे प्रमुख टॉडसाहेब यांच्या बायकोचं नाव देऊन 'ॲलिस स्प्रिंग्ज'. आम्ही गेलो तेव्हा तिथे पाणी नव्हतं. खडक, वाळू आणि माहितीची पाटी. मी पाटी वाचत होते. अण्णा खडकाच्या कडेने खाली उतरले, वाळू कशी आलीय आणि दगड कुठे आडवा गेलाय ते बघत राहिले.

"हा झरा न्हाई," ते खालून म्हणाले. "झिरा हाय. खाली कातळ हाय, वरचं पाणी वाळूत अडकून बसतंय."

पाटीवरही शेवटी तेच लिहिलं होतं. मी काही बोलले नाही.

अण्णा उकिडवे बसले. बाही कोपरावर सारली आणि हाताने वाळू उकरायला लागले, जशी आजी माणगंगेच्या पात्रात उकरायची, कडेची घसरू नये म्हणून डाव्या हाताने थोपत. वीतभर, दोन वीत. नवरा म्हणाला, अगं कुणी बघितलं तर. मी म्हटलं, बघू देत. कोपरापर्यंत हात गेल्यावर ते थांबले आणि मूठ बाहेर काढून माझ्यापुढे धरली. वाळूचा रंग गडद होता.

"ओल हाय," अण्णा म्हणाले. मग खड्डा पुन्हा नीट बुजवला.